स्वयंपाकघरातली रोपं: आधी जागा, मग रोप (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी

स्वयंपाकघरात चार-पाच रोपं कायमची ठेवायची आहेत. अटी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह आवरेल. ओट्यावरची कामाची जागा कमी व्हायला नको. घरात बोका आहे आणि त्याला पानं चावायची खोड आहे, त्यामुळे त्याला बाधेल असं काही नको. पाणी घालायला किंवा पानं पुसायला स्टूल काढावं लागेल अशा जागी कुंडी नको. स्टूल लागलं की काम उद्यावर जातं आणि उद्याचं परवावर.

पद्धत अशी: आधी जागा मोजायच्या, रोपं शेवटी आणायची. स्वयंपाकघर ही खोली एकच, पण तिथलं हवामान एक नाही. खिडकीचा कट्टा, सिंकची बाजू, शेगडीचा कोपरा, फ्रिजचा माथा, कपाटाखालची सावली, प्रत्येक ठिकाणचा उजेड, ऊब आणि ओल वेगळी. 'स्वयंपाकघरासाठी दहा उत्तम झाडं' छापाच्या याद्यांचा म्हणूनच मला उपयोग होत नाही. उत्तम कुठल्या कोपऱ्यात, ते त्यात नसतं.

७ जानेवारी: उजेड

फोनवरचं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं ॲप वापरलं. अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. जिथे पान येणार तिथे फोन उताणा ठेवायचा आणि हाताची सावली पडू द्यायची नाही, एवढंच.

खिडकी पूर्वेची. सकाळी कट्ट्यावर ऊन असताना आकडा तीस हजारांच्या वर, ऊन सरकल्यावर साडेतीन हजारांच्या आसपास. सिंकच्या पलीकडे, खिडकीपासून मीटरभर आत, नऊशे. शेगडीच्या बाजूला चारशे. फ्रिजच्या माथ्यावर एकशे दहा. कपाटाखाली भर दुपारी साठ.

बाहेर लख्ख उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो आणि ढगाळ दिवशीही दहा हजारांच्या आसपास असतो. एवढा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण आपले डोळे तो परस्पर सांभाळून घेतात. फ्रिजवरच्या डब्याचं लेबल वाचता येतं म्हणून तिथे 'उजेड आहे की' असं वाटतं. रोपाच्या हिशेबाने ऊन गेल्यावरही कट्टा आणि फ्रिजचा माथा यांत तीस पटींचा फरक आहे.

ढोबळ अंदाज असा. अडीचशेच्या खाली कुठलंच रोप धड टिकत नाही, ते आधीच्या साठ्यावर दिवस काढत असतं. पाचशे ते हजारात सावली सोसणारी निभावतात. शोभेच्या पानांची बहुतेक रोपं हजार-दोन हजारांच्या पुढे खरी वाढायला लागतात. स्वयंपाकात खुडून वापरायच्या पाल्याला थेट ऊनच हवं, रोज पाच-सहा तास मिळालं तर उत्तम.

फ्रिजचा माथा आणि कपाटाखालची जागा आत्ताच बाद. त्यात फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे माथ्यावर अंधार आणि वर कोरडी ऊब. दोन्ही एकत्र नकोतच.

१० जानेवारी: शेगडी, वाफ, गॅस

शेगडीच्या बाजूची चारशेची जागा आकड्यावर कशीबशी चालून गेली असती, पण तिथे भांड्यातून थेट वाफ येते. पानाच्या पेशी पन्नास अंशांच्या पुढे फार वेळ तग धरत नाहीत आणि उकळत्या भांड्याची वाफ तर त्याच्या कितीतरी पुढची. केटलच्या तोंडासमोरची जागाही त्याच कारणाने नको. नियम ठरवला: पेटत्या बर्नरपासून हात लांबवला तरी पोचू नये, इतकं अंतर.

'स्वयंपाकघरात वाफ असते, म्हणून ओलावा आवडणारी झाडं तिथे खूश' हे वाक्य वारंवार ऐकायला मिळतं. आर्द्रता मोजणारं यंत्र ठेवून पाहिलं. झाकण उघडलं की आकडा उडी मारतो, एक्झॉस्ट फॅन लावला की काही मिनिटांत खाली येतो. दिवसाची सरासरी शेजारच्या खोलीइतकीच. वाफेच्या भरवशावर फर्न आणायचं नाही.

आता गॅस. दगडी कोळशाच्या गॅसवर दिवे जळायचे त्या काळात, सेंट पीटर्सबर्गमधल्या प्रयोगशाळेत अंधारात उगवलेले वाटाण्याचे कोंब वर जायचं सोडून आडवे वाढत होते. दिमित्री नेल्युबोव्ह या संशोधकाने १९०१ मध्ये दाखवून दिलं की हा प्रताप हवेत मिसळलेल्या दिव्याच्या गॅसचा, आणि नेमका त्यातल्या इथिलीनचा. आज घरात तो गॅस नाही. पण ज्वलन अपुरं झालं, ज्योत पिवळी पडायला लागली, की थोडं इथिलीन तयार होतंच. स्वयंपाकघरातला त्याहून मोठा उगम म्हणजे फळांची टोपली. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन सोडत असतात. त्याच वायूने फळं पिकतात आणि त्याच वायूने पानं लवकर म्हातारी होतात. बंद कोपऱ्यात टोपलीला चिकटून कुंडी असेल तर खालची पानं पिवळी पडणं, कळ्या गळणं, असले प्रकार होतात आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो.

फळांची टोपली जेवणाच्या टेबलावर हलवली. बर्नर साफ करून घेतले, ज्योत निळी झाली. रोपांसाठी केलं, फायदा भांड्यांच्या बुडांनाही झाला.

१५ जानेवारी: निवड

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मनी प्लांट लाव की. तो कुठेही येतो."

कुठेही येतो म्हणजे कुठेही मरत नाही, एवढंच. उजेड कमी पडला की दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं लहान निघतात आणि पिवळे पट्टे पुसट होत पान सरसकट हिरवं होतं. हेच वेल उष्ण जंगलात झाडावर चढलं की पानं हाताएवढी लांब आणि कातरलेली होतात. बरणीत दोन पानं घेऊन वर्षानुवर्षं तसाच राहणारा मनी प्लांट समाधानी असतो, असं मला तरी वाटत नाही.

तरी त्याला नकार उजेडामुळे नाही, बोक्यामुळे. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, झीझी, या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. स्नेक प्लांट आणि कोरफड यांत दुसरी द्रव्यं, त्यांनी उलट्या-जुलाब होतात. लहान मुलं असलेल्या घरातही हाच विचार करावा. 'मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा' हा सल्ला ज्याने दिला त्याने मांजर पाळलेलं नसावं. माझा हात स्टुलाशिवाय पोचेल आणि त्याची उडी पोचणार नाही, अशी जागा या खोलीत नाही.

कोरफडीबद्दल एक: भाजल्यावर लावायला ओट्याजवळ ती असावी म्हणतात. भाजल्यावर पहिलं काम म्हणजे ती जागा वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरणं. त्यासाठी नळ पुरतो.

'झाडं स्वयंपाकघरातला धूर शोषून घेतात' हेही यादीतून काढलं. या समजाची मुळं १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगात आहेत. तो प्रयोग हवाबंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. इमारतीत हवा एरवीच जितकी खेळते, तितकंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. तळणीच्या धुराला खिडकी आणि पंखा हेच उत्तर. झाडं डोळ्यांना बरी वाटतात, हे कारण मला पुरेसं आहे.

उरलेल्यांतून निवड:

सिंकच्या पलीकडे ॲस्पिडिस्ट्रा. लांब, रुंद, गर्द हिरवी पानं. ब्रिटनमध्ये गॅसच्या दिव्यांच्या काळात, अंधाऱ्या आणि धुरकट दिवाणखान्यांत जगून राहिलं म्हणून याला कास्ट आयर्न प्लांट हे नाव पडलं. वाढतं मुंगीच्या पावलांनी, पण पान रुंद आणि गुळगुळीत असल्यामुळे एका हाताने पुसता येतं. स्वयंपाकघरात या गुणाला मी फुलापेक्षा जास्त किंमत देते.

खिडकीच्या बाजूला हुकावर स्पायडर प्लांट, कट्ट्याच्या आतल्या कडेला जाड पानांचा पेपरोमिया, आणि ऊन पडतं तिथे बेसिल. ही चारही मांजरांना विषारी नाहीत. पुदिन्याचा विचार होता, पण मांजराने तो भरपूर खाल्ला तर पोट बिघडतं, म्हणून राहू दिला. आफ्रिकन व्हायोलेट फार मनात होतं. त्याची पानं लवदार. त्यावर तेलकट धूळ बसली की पुसून निघत नाही. नाहीच.

२२ जानेवारी: कुंडी आणि माती

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो, यावर आमच्याकडे वाद झाला. प्रयोग भांडी घासायच्या नव्या स्पंजवर करून दाखवला. स्पंज पाण्यात बुडवून काढला आणि बोटांवर आडवा, सपाट धरला. थोडं पाणी गळलं आणि थांबलं. मग न दाबता तोच स्पंज लांबट बाजूने उभा केला. धार लागली. पुन्हा थांबल्यावर खालचा भाग बोट लावताच गळत होता आणि वरचा नुसता दमट होता.

मातीतही हेच होतं. पाणी बारीक पोकळ्यांत धरून राहतं आणि तळाशी काही सेंटीमीटरचा थर कायम चिंब असतो. त्या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते. खाली खडे घातले तर पाणी बारीक मातीतून मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, म्हणजे चिंब थर जातो कुठेच नाही, खड्यांच्या वर येऊन बसतो. मुळांच्या आणखी जवळ. उथळ कुंडी जास्त ओली राहते, तीही याचमुळे.

मिश्रण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग. पेपरोमियाला पर्लाइट थोडं जास्त. भोकाची प्लॅस्टिकची कुंडी आत आणि शोभेची बंद कुंडी बाहेर, अशी जोडी ठेवणार. पाणी घालायचं असेल तेव्हा आतली उचलून सिंकमध्ये न्यायची, पाणी खालून निघेपर्यंत घालायचं, निथळली की परत. ओट्यावर ताटली नको, चिखलाचं ओघळ नको. सिंक हाताशी असणं हा या खोलीचा मोठाच फायदा.

३ फेब्रुवारी

रोपं आली. दोन आठवडे बाजूच्या खोलीत वेगळी. रोज पानांच्या पाठी बघायच्या: पेरांत कापसासारखं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळं आणि टाचणीने टोचल्यासारखे फिके ठिपके म्हणजे लाल कोळी. लगेच मोठ्या कुंडीत हलवायची नाहीत.

१९ फेब्रुवारी

सगळी स्वच्छ. जागेवर ठेवली. बेसिलच्या कुंडीत एकच झाड दिसत होतं, प्रत्यक्षात दाटीने पेरलेली पंधरा-वीस रोपं निघाली. विकत मिळणारं बेसिल लवकर मान टाकतं त्याचं हे एक कारण. ओली करून मुळं सोडवली, तीन-चारचे गट करून लावले.

४ मार्च: पाणी

वार ठरवून पाणी घालायचं नाही. कुंडीतली माती सुकी असताना आणि भिजल्यावर कुंडी उचलून बघितली की हाताला वजन कळतं. शंका आली तर बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत. बेसिलला पृष्ठभाग सुकला की लगेच, ॲस्पिडिस्ट्राला वरची निम्मी कुंडी सुकल्यावर, पेपरोमियाला त्याहूनही उशिरा. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, ती चिंब मातीत मिळत नाही. गंमत म्हणजे कुजलेल्या मुळांचं रोपही तहानलेल्या रोपासारखंच मलूल दिसतं आणि माणूस त्याला आणखी पाणी घालतो.

स्वयंपाकघरात पाणी नाना प्रकारचं उरतं. भाज्या धुतलेलं चालतं. मीठ न घालता उकडलेलं, गार झालेलं चालतं. मिठाचं अजिबात नको. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी नको, त्यात गाळून काढलेले क्षार एकवटलेले असतात. जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम येतो, तेही नको. पिठूळ, दुधाळ पाणी आणि वापरलेली चहापूड कुंडीत टाकायची नाही. खत होण्याआधी त्यावर बुरशी येते.

स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी व्हायला लागली आहेत. याला पाण्यातलं फ्लोराइड आणि साचलेले क्षार सोसत नाहीत. महिन्यातून एकदा कुंडी सिंकमध्ये ठेवून भरपूर पाणी आरपार वाहू द्यायचं, क्षार धुतले जातात. टोकं कात्रीने तिरकी कापली, हिरव्या भागाला न लागता.

१७ मार्च: तेलाचा थर

ॲस्पिडिस्ट्राच्या शेगडीकडच्या पानांची चमक गेली आहे. बोट फिरवलं तर बोट घसरण्याऐवजी अडकतं. तळताना, परतताना तेलाचे सूक्ष्म थेंब हवेत जातात, पानावर बसतात, त्यावर धूळ चिकटते. उजेड आधीच नऊशे, त्यात हा पडदा.

अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ पांढरं फडकं बुडवून पिळून घेतलं. पानाखाली डावा तळहात आधाराला, उजव्या हाताने देठाकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसलं. फडक्यावर पिवळट करडा पट्टा उमटला. मग पानाची पाठ, कारण बहुतेक पर्णरंध्रं तिथे असतात आणि कीडही तिथेच लपते. शेवटी साध्या पाण्याने, साबण राहू द्यायचा नाही. चमक यावी म्हणून खोबरेल किंवा दूध लावतात. तेलावर तेल चढवायचं हा काय प्रकार आहे, मला समजत नाही.

खिडकीकडची पानं जवळपास स्वच्छ होती. म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच वार लावण्यात अर्थ नाही. बोट अडकलं की पुसायचं.

३० मार्च: चिलटं

बेसिलपाशी बारीक काळी चिलटं. आई म्हणाली फळांवरची आहेत. फळमाशी बुटकी, तपकिरी, लाल डोळ्यांची असते आणि फळाकडे जाते. ही लांब पायांची, काळी, मातीवर तुरुतुरु चालणारी. खात्रीसाठी कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवली. दोन दिवसांनी उलटून बघितली तर खालच्या बाजूला पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या. फंगस नॅट.

अळ्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटर ओल्या मातीत बुरशी आणि कुजणारं काहीबाही खातात. हा थर सुकू दिला की त्यांचं निम्मं बळ जातं. बेसिलला आता खालून पाणी: कुंडी वाडग्यात ठेवायची, वरचा थर सुका राहील इतपतच भिजू द्यायची. उडणाऱ्यांसाठी पिवळी चिकट पट्टी. एवढ्याने भागलं नाही तर बीटीआय हा जिवाणू पाण्यात मिसळून द्यायचा, तो अळ्यांपुरताच घातक असतो. फवारणी कुठलीच नाही. जिथे भाजी चिरतो तिथे कीटकनाशक उडवायचं नाही, आणि बेसिल तर खुडून खायचंच आहे.

२१ एप्रिल

चिलटं जवळपास संपली, पट्टीवर नवीन दिसत नाहीत.

सकाळचं ऊन सरकलं आहे. जानेवारीत कट्ट्याच्या उजव्या कोपऱ्यात पडायचं, आता डावीकडे आणि कमी वेळ. बेसिल खिडकीकडे झुकून लांबोडं झालं. कुंडी डाव्या कोपऱ्यात नेली, शेंडे दोन पानांच्या जोडीच्या अगदी वर खुडले. प्रत्येक खुडीखाली दोन नवे फुटवे येतात. फुलोरा येऊ द्यायचा नाही, आला की पानं लहान आणि कडसर होतात.

जोडीला वरच्या कपाटाच्या कडेला पांढऱ्या एलईडीची पट्टी, शेंड्यापासून वीत-सव्वा वीत अंतरावर, टायमर लावून बारा तास. जांभळ्या दिव्याची गरज नाही. पांढऱ्या एलईडीत रोपाला लागणारा निळा आणि लाल दोन्ही असतात, आणि चिरताना बोटंही दिसतात. अंतर मात्र पाळायला हवं, दिवा लांब गेला की उजेड झपाट्याने घटतो.

१८ मे

ॲस्पिडिस्ट्राला मातीतून एक नवं पान, गुंडाळीच्या रूपात. स्पायडर प्लांटच्या लांब दांड्यांवर पिल्लं धरली आहेत. मुळांचे बुटके कोंब दिसायला लागले की ती तशीच ओल्या मिश्रणावर टेकवायची. मोठ्या झाडाची जाड पांढरी मुळं कुंडीच्या भोकातून डोकावताहेत, पुढची कुंडी फक्त बोट-दोन बोटं रुंद घ्यायची. एकदम मोठी घेतली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. पातळ खत पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत, महिन्यातून एकदा.

आठवडाभर बाहेर जायचं आहे. आईसाठी चिठ्ठी फ्रिजच्या दाराला लावली:

"आई, बेसिल रोज उचलून बघ. हलकं लागलं तर वाडग्यात पाणी घालून त्यात अर्धा तास ठेव, मग उरलेलं पाणी ओतून दे. स्पायडर प्लांटला मी जाताना घातलंय, बुधवारी वजन बघ. बाकी दोघांना काहीही घालू नकोस, मलूल वाटली तरी आधी बोट घालून माती बघ. दिव्याचं बटण बंद करू नकोस, टायमर आहे. केळी कट्ट्यावर ठेवू नकोस."

संध्याकाळी बघितलं तर खाली तिने पेनाने लिहिलं होतं: "मनी प्लांट आणलाय. माझ्या खोलीत. दार बंद ठेवीन."